मुलगी पाहायला गेला आणि परांची पाहून आला

कुठेही आत शिरताना तो आधी वर बघायचा. देऊळ असो, हॉटेल असो, कोणाच्या घरचा सत्यनारायण असो, चपला काढायच्या आधी याची मान वर. छत, पंखा, पंख्याचा हुक, माळ्यावर रचलेल्या पेट्या, सगळ्यांवरून नजर फिरायची आणि मग तो यजमानांकडे वळून म्हणायचा, "राम राम. तुमचा पंखा डुलतोय."

पंखे डुलतच असतात. पण त्याने असं म्हटल्यावर त्या पंख्याखाली बसायला कोणी धजत नसे. प्रसादाला आलेली माणसं भिंतीला चिकटून बसायची आणि मध्ये चटई रिकामी राहायची. यजमानीणबाई माझ्याकडे बघायच्या, कारण याला मीच घेऊन आलेलो असायचो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावच्या बाहेर एका सूतगिरणीचं बांधकाम चाललं होतं आणि त्याचा ठेका आमच्या शेठकडे होता. मी तिथे सिमेंटचं गोदाम सांभाळायचो, हा सुपरवायझर होता. राहायला पिंप्राळ्यात, आई आणि थोरल्या भावाबरोबर. कामात वाईट नव्हता, पण काम थांबवण्यात त्याच्याइतका तरबेज माणूस मी पाहिलेला नाही. शिडी वाकडी दिसली की थांबा. खड्ड्याच्या काठावर वीट दिसली की थांबा. शेठ मूळचे राजस्थानचे, तीन पिढ्या जळगावात. ते कपाळाला हात लावून म्हणायचे, "अरे बाबा, तू माझा माणूस आहेस की माझ्या दुश्मनाचा?"

तेवढ्यात गिरणीवाल्यांनी अट घातली की साइटवर सेफ्टीचं शिक्षण घेतलेला माणूस पाहिजे. धुळ्याला एका संस्थेने तसा काही महिन्यांचा वर्ग काढला होता. शेठना एका दगडात दोन पक्षी दिसले. हा आठवड्यातले चार दिवस धुळ्याला, म्हणजे चार दिवस काम सुरळीत. उरलेले दोन दिवस साइटवर येऊन शिकलेलं करून बघायचं होतं, तेवढे सोसता येण्यासारखे होते. त्याच्यावर लक्ष ठेवायला त्यांनी मलाही पाठवलं. "तू पण शीक," मला म्हणाले, "पण जास्त शिकू नको."

वर्ग एका शाळेच्या जुन्या हॉलमध्ये भरायचा. शिकवायला एक निवृत्त सर होते, आवाज बारीक, माणूस भला. सेफ्टी बेल्ट शिकवायचा दिवस आला. सरांनी पट्टे कसे बांधायचे ते फळ्यावर काढून दाखवलं आणि विचारलं, कोणी बांधून दाखवेल का. हा उठला. बेल्ट बांधला, दोर छताच्या तुळईला अडकवला, टेबलावर चढला आणि आम्हाला म्हणाला, "टेबल काढा."

आम्ही टेबल काढलं. तो अधांतरी लोंबकळायला लागला.

"कसं वाटतंय?" सरांनी विचारलं.

"बरं वाटतंय सर. इथून सगळे लहान दिसतात."

थोड्या वेळाने म्हणाला, चहा मिळेल का. मी चहा आणून वर दिला. त्याने तो लटकत, गोल फिरत फिरत प्यायला. मग पाय हलवून बघितले आणि म्हणाला, "सर, आता पायाला मुंग्या यायला लागल्या. म्हणजे पट्ट्याने माणूस वाचला तरी त्याला पटकन खाली घ्यायला पाहिजे."

सर खालून वर बघत राहिले. "खरं सांगू का," ते म्हणाले, "मी हे कितीतरी वर्षं शिकवतोय, पण कधी लटकलो नाही."

"मग लटका ना सर."

आणि सर लटकले. त्यानंतर कोणाला धीर धरवेना. संध्याकाळपर्यंत आमचा अख्खा वर्ग पाळीपाळीने त्या तुळईला केळीच्या घडासारखा लोंबून आला. शाळेचा शिपाई कुलूप लावायला आला, तेव्हा सर दुसऱ्यांदा वर होते आणि "अजून थोडं" म्हणत होते.

आम्ही धुळ्यात एका अक्कांकडे खोली घेतली होती. अक्का एकट्या राहायच्या आणि त्यांचा स्वयंपाकाचा स्टोव्ह आमच्या खोलीशेजारच्या पडवीत होता. याने दुसऱ्याच दिवशी तिथे वाळूने भरलेली बादली टांगली आणि तिच्यावर लाल रंगाने 'आग' असं लिहिलं. अक्कांनी ते वाचलं आणि विचारलं, "आग कुठे आहे?"

"आग नाही अक्का. आग लागली तर."

"तोंडात साखर पडो तुझ्या," अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढे मात्र याच्या लक्षात आलं की बादलीतली वाळू कमी होते. तो नदीवरून आणून पुन्हा भरायचा, पुन्हा कमी. त्याने मांजरावर संशय घेतला, माझ्यावर घेतला. एके दिवशी अक्कांनी आम्हाला गरमागरम भाजलेल्या शेंगा दिल्या. हा आनंदाने शेंगा फोडत होता, वाखाणत होता, "अक्का, काय खरपूस भाजल्यात, घरी अशा होतच नाहीत." अक्का सहज म्हणाल्या, "तुझी वाळू चांगली आहे रे. बारीक आहे ना."

त्याचा हात तोंडाशीच थांबला. दातांखाली खडा लागल्यासारखा चेहरा झाला. पण शेंग त्याने खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिथे दोन बादल्या होत्या. एकीवर 'आग' आणि दुसरीवर 'शेंगा'.

अशातच त्याच्या आईने त्याच्यासाठी मुलगी पाहायचं ठरवलं. चाळीसगावजवळच्या एका खेड्यातलं स्थळ होतं. मुलीचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणायचे, कपाशीचे मोठे शेतकरी. घरावर नवा मजला चढवत होते आणि पाहुणे आले तरी काम त्यांनी मुद्दाम चालू ठेवलं होतं, दिसू दे की घर वाढतंय. आई, थोरला भाऊ, हा आणि मी असे गेलो. वाटेत आईने त्याला बजावलं, "आज वर बघायचं नाही. समोर बघायचं."

त्याने शब्द पाळला. बैठकीत शिरला तो मान खाली घालून. पंख्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आई सुखावली. पण बसायला त्याला जागा मिळाली ती नेमकी खिडकीसमोर, आणि खिडकीतून दिसत होती परांची. भिंतीला लागून बांबू उभे करून, सुतळीने आडवे बांधून गवंड्यांना उभं राहायला करतात ती. तिच्यावर दोन गवंडी होते आणि एक बाई घमेलं घेऊन चढत होती. त्या परांचीचा एक बांबू आखूड पडला होता म्हणून तेलाच्या पत्र्याच्या डब्यावर टेकवला होता. ती बाई वर चढली की डबा थोडा दबायचा, उतरली की पुन्हा फुगायचा.

पोहे आले. मुलगी आली. नाकीडोळी नीटस, चेहऱ्यावर जरा मिस्कीलपणा. ती समोर बसली. हा खिडकीतून बाहेर बघतोय. आईने कोपर मारलं, मी खाकरलो. काही उपयोग नाही. शेवटी मुलीचे काका म्हणाले, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा. लाजू नका."

याने मुलीकडे पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, "तो डबा भरलेला आहे की रिकामा?"

बैठकीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणता डबा, कशाचा डबा. मुलीने मात्र मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "रिकामा. तेल मीच काढलंय काल."

हा ताडकन उठला. अंगणात जाऊन वर तोंड करून ओरडला, "बठ्ठा खाले उतरा." एरवी शहरी बोलणारा माणूस, पण तेव्हा त्याच्या तोंडून आजोळची अहिराणी निघाली. बठ्ठा म्हणजे सगळे. वरचे हसले. मिस्त्री म्हणाला, आबांनी सांगितल्याशिवाय काम थांबणार नाही. तोवर आबा स्वतःच बाहेर आले होते, लालबुंद होऊन.

"तू पोर देखाले उना का मन्हं घर पाडाले?"

"आबा, तो डबा दबतोय. त्याच्या जागी दगड ठेवा, मग मी गुमान पोहे खातो."

"मन्हा घरम्हा तू माले शिकाडस?" आणि परांची किती पक्की आहे हे दाखवायला आबा धोतर खोचून त्या बांबूवर चढायला लागले.

आता याला दुसरं काही सुचेना. तो धावला, खाली बसला आणि त्याने आबांचे दोन्ही पाय घट्ट धरले. आबा झटकतायत, हा सोडत नाही. "आबा, पाया पडतो, वर जाऊ नका." आबा म्हणतात सोड, हा म्हणतो नाही सोडणार. परांचीवरचे गवंडी आणि ती बाई असा तमाशा वरून नीट दिसत नाही म्हणून खाली उतरून आले. घरातल्या बायका माजघराच्या दारात गोळा झाल्या. त्यांना बोलणं ऐकू येत नव्हतं, दिसत मात्र सगळं होतं. एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "बघा बाई, पोरगी किती आवडली असेल त्याला."

आता तुम्हाला वाटेल, तेवढ्यात तो डबा चेपला आणि परांची कोसळली. तसं काहीही झालं नाही. डबा तिथेच होता, परांची तशीच उभी होती. आबांनी शेवटी पाय सोडवून घेतले, परांचीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "पडनी का? नही पडनी. जा आते."

आम्ही निघालो. टेम्पोत आई रडत होती आणि भाऊ पाठ फिरवून बसला होता. हा माझ्या कानात कुजबुजला, "सगळे खाली उतरले होते ना? ती बाई पण?"

"उतरली होती."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि डोळे मिटले. पण झोपला नव्हता. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "कशी होती रे मुलगी? मी नीट पाहिलीच नाही."

आठवडाभरात दोन बातम्या जळगावपर्यंत पोहोचल्या. एक अशी की मुलगा मुलीसाठी इतका वेडा झाला की बापाच्या पायाला मिठी मारून रडला. दुसरी अशी की मुलीला सोडून तो वर काम करणाऱ्या बाईकडे टक लावून बघत होता. दोन्ही बातम्यांचा त्याच्या आईला सारखाच ताप झाला.

पण तिकडे त्या खेड्यात वेगळंच चाललं होतं. मुलीने बापाला सांगितलं की त्या डब्याच्या जागी दगड येईपर्यंत मी कोणत्याही पाहुण्यांपुढे पोहे घेऊन जाणार नाही. आबांनी दोन दिवस ताणलं आणि मग गुपचूप दगड ठेवला. दुसरे पाहुणे आले, तिने पोहे नेले आणि ते गेल्यावर म्हणाली, "हे नकोत. हे फक्त मलाच बघत होते. त्या पहिल्याने निदान घर तरी पाहिलं."

आबांना मुलीपुढे जास्त बोलता येत नसे. ते एके दिवशी धुळ्याला आमच्या खोलीवर येऊन थडकले. हा बाहेर गेला होता. अक्कांनी त्यांना शेंगा दिल्या, पाणी दिलं. आबांनी इकडेतिकडे बघून मला हळूच विचारलं, "खरं सांग भो. त्यानं डोकं बरं शे ना?"

"आबा," मी म्हटलं, "डोक्याची काळजी म्हणून तर तो वर्गातसुद्धा हेल्मेट घालून बसतो."

माझ्या उत्तराने आबांची काळजी वाढली असावी. ते अक्कांकडे वळले. अक्का शेंगांची टरफलं गोळा करत म्हणाल्या, "वेडा आहे की शहाणा, ते मला सांगता येणार नाही. पण तो आल्यापासून मी रात्री दोनदा उठून स्टोव्ह बघत नाही. एकदाच बघते."

आबा उठले. दोन बादल्या वाचून निघून गेले.

त्या शनिवारी ते जळगावला साइटवर आले. मला गोदामाच्या दारात गाठून म्हणाले, त्याला सांगू नको, मला लांबून बघायचंय. मी त्यांना सिमेंटच्या गोण्यांमागे उभं केलं. तो दिवस कसला होता ते ऐका. गिरणीवाल्यांनी सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं केलं होतं आणि घमेली वाहणाऱ्या बायका बिथरल्या होत्या. घमेलं डोक्यावर घ्यायचं तर खाली कापडाची चुंबळ लागते. हेल्मेटमध्ये चुंबळ मावत नाही आणि हेल्मेटवर घमेलं टिकत नाही. त्यांची पुढारीण, जरा वयाने मोठी अशी बाई, याला म्हणाली, "सेफ्टीभाऊ, तुमचं टोपलं घालू की आमचं घमेलं घेऊ, एक काय ते सांगा."

दुसरा कोणी असता तर नियम म्हणजे नियम म्हणाला असता. हा म्हणाला, "थांबा, मी करून बघतो." त्याने हेल्मेट घातलं, त्याच्यावर चुंबळ ठेवली आणि त्या बाईला मालाने भरलेलं घमेलं वर ठेवायला सांगितलं. मग तो चालू लागला. दोन्ही हात लांब पसरलेले, मान ताठ, पावलं नव्या नवरीसारखी. सगळी साइट काम टाकून बघत होती. शेठसुद्धा गाडीतून उतरून उभे राहिले. तो फळीवर चढला, घमेलं डावीकडे गेलं, तो डावीकडे गेला. घमेलं उजवीकडे गेलं, तो उजवीकडे गेला. मग घमेल्याने ठरवलं की आता खाली जायचं.

सिमेंट, वाळू आणि पाणी त्याच्या डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून शर्टाच्या आत आणि तिथून पँटीत उतरलं. तो पुतळ्यासारखा उभा राहिला. फक्त डोळे उघडझाप करत होते.

"जमत नाही," त्या सिमेंटमधून आवाज आला. "मावशी, तुमचं बरोबर आहे. जमत नाही."

बायका हसून हसून खाली बसल्या. आणि गोण्यांच्या मागून खो खो असा आवाज आला. आबा पोट धरून हसत होते. हसता हसता ते बाहेर आले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. त्याने ओळखलं आणि त्या अवतारात नमस्काराला वाकला. उरलासुरला माल आबांच्या जोड्यांवर सांडला.

"आबा, तुम्ही इथं?"

"माल डोकावर कशाले चढाडतस?" आबांनी विचारलं. "मन्ही विहिरवर जुनी कप्पी शे. मोटर बसाडी तवपासून पडेल शे. ली जा. दोर लावा आनि वढा."

तो बघतच राहिला. मग शेठकडे वळला. शेठ म्हणाले, "माझ्याकडे काय बघतो? फुकट मिळतेय ना? घे." पुढच्या आठवड्यात कप्पी आली, माल दोराने वर जाऊ लागला, आणि बायका हेल्मेट घालून खाली उभ्या राहून दोर ओढू लागल्या. आबा कप्पीबरोबरच लग्नाची बोलणी करायलाही आले होते.

त्याच सुमारास आमची परीक्षा झाली. तोंडी परीक्षेला बाहेरून एक साहेब आले होते. त्यांनी त्याला विचारलं, "उंचावरून कामगार पडला तर सेफ्टी ऑफिसरने सगळ्यात आधी काय करायचं?" उत्तर पुस्तकात होतं, आम्ही सगळ्यांनी पाठ केलं होतं. हा म्हणाला, "साहेब, तो पडला म्हणजे मी नापासच झालो ना. त्याच्या आधीचं काहीतरी विचारा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. आमचे सर बाजूच्या खुर्चीत रुमालात तोंड खुपसून खोकत होते, पण तो खोकला नव्हता. साहेबांनी मग त्याला पडण्याआधीचंच विचारलं. तो तासभर बोलत होता. पास झाला. मीही झालो, कसाबसा.

लग्नात त्याने मांडवाकडे बघायचं नाही अशी आईने शपथ घातली होती. तशी वेळच आली नाही. नवरदेव मांडवाच्या दारात आला तेव्हा आबा आधीच एकेक बांबू हलवून बघत फिरत होते, पागोटं मागे सरकलेलं. जवळ येऊन जावयाच्या कानात म्हणाले, "बठ्ठा बांबू मी सोता हालाई देखेल शेतस. तू निवांत लगीन कर." अंतरपाट धरला गेला तेव्हा नवरी हसत होती. भटजींनी तिच्याकडे दोनदा रोखून पाहिलं.

गिरणी उभी राहिली. त्या साइटवर खरचटणं, ठेचा लागणं झालं, पण उचलून न्यावं असं कोणी पडलं नाही. याची कोणी दखल घेतली नाही, आणि घ्यायची कशी? न घडलेल्या गोष्टीचे हार कोण घालतं. नंतर शेठना दुसरी कामं मिळाली, हा तिथेही होता, तसाच आरडाओरडा करत. मग सुरतेकडच्या एका मोठ्या प्रकल्पावर त्याला बोलावणं आलं. पगार चांगला, राहायला घर. बायको म्हणाली जाऊ. तो जाऊ की नको करत महिनाभर घोळत राहिला आणि शेवटी गेला.

सुरतेची गाडी धुळ्याहून सुटायची, म्हणून त्यांना सोडायला आम्ही धुळ्याच्या स्टँडवर गेलो होतो. आबा आले होते, अक्का शेंगांची पिशवी घेऊन आल्या होत्या. गाडी सुटायची वेळ झाली तरी याचा पत्ता नाही. तो गाडीच्या टपावर होता, सगळ्या प्रवाशांच्या ट्रंका आणि वळकट्या नव्याने बांधत. कंडक्टर खालून ओरडत होता. त्याची बायको खिडकीतून मान काढून कंडक्टरला समजावत होती, "दादा, बांधून होऊ द्या. नाहीतर ते रस्ताभर तुम्हाला गाडी थांबवायला लावतील." शेवटी तो उतरला, हात झटकले, आमच्याकडे बघून काहीतरी म्हणाला. घंटी वाजली, त्यात ते ऐकू आलं नाही. आबा गाडीच्या मागे थोडे चालत गेले आणि मग मध्येच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी साइटवर गेलो. सकाळपासून काम भराभर चाललं होतं. दुपारी शेठ आले. गाडीतून उतरले, इमारतीकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग पुन्हा इमारतीकडे.

"काम बंद आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"चालू आहे शेठ. दुप्पट वेगाने चालू आहे."

"मग एवढं सुनंसुनं का वाटतं?"

वरून मिस्त्री म्हणाला, "भाऊ गेला ना, शेठ."

शेठ थोडा वेळ तसेच उन्हात उभे राहिले. मग खिशात हात घालून त्यांनी सगळ्या साइटसाठी चहा मागवला. याआधी त्यांनी कधी असा चहा पाजला नव्हता आणि आज का पाजताय असं विचारायची कोणाची छाती झाली नाही. चहा आला. बायका विटांच्या ढिगाच्या सावलीत बसून प्यायल्या. शेठही तिथेच एका उलट्या घमेल्यावर बसले. मग सगळे उठून आपापल्या जागी गेले, आणि संध्याकाळपर्यंत कोणी कोणाला थांबवलं नाही.